आर्का म्हणजे भित्रा

धम्मशीला निघाली होती शिवणाच्या क्लासला आणि शिरली फिनिश भाषेच्या वर्गात. केंब्रिजच्या त्या कम्युनिटी सेंटरमध्ये दोन्ही दारं शेजारी-शेजारी. "अगं बाई" म्हणत ती मागे फिरणार, तेवढ्यात एका मुलाने शेजारच्या खुर्चीवरची ओली छत्री उचलली. "बस ना, जागा आहे," तो चक्क मराठीत म्हणाला. तो यतीन, पुण्याचा, नोकरीसाठी फिनलंडला निघालेला. ती बसली... आणि बारा आठवडे बसूनच राहिली. ओठांआधी त्याचे डोळे हसायचे, त्याला ती बिचारी काय करणार!

आज शेवटचा तास होता आणि सोमवारी त्याचं विमान. आज बोलली नाही तर सगळं संपलंच. आणि बोलली नि तो नुसता हसला तर?

किर्स्तीबाईंची शिकवण्याची रीत अशी, की प्रत्येक जोडीने एक चिठ्ठी काढायची आणि तिच्यातलं विशेषण एकमेकांना लावून सगळ्या रूपांत चालवायचं. यांच्या चिठ्ठीत निघालं 'आर्का', म्हणजे भित्रा. भित्रीसुद्धा, त्या भाषेत दोघांना एकच शब्द.

"आर्का, आरान, आर्काआ," यतीनने म्हणून दाखवलं. "बघ, 'आरान'ला 'क' पळाला, 'आर्काआ'ला परत आला. टोटल घाबरट वर्ड आहे. आता तुझा टर्न."

धम्मशीलाने वही मिटून ठेवली.

"काय गं, प्रॅक्टिस नाही केलीस?"

"यतीन... मला फिनलंडला जायचंच नव्हतं. मी शिवण शिकायला आले होते."

"मग ट्वेल्व्ह वीक्स इथे काय करत होतीस?"

"तुझ्या शेजारी बसत होते."

ती बोलून गेली. तो हसला नाही. त्याने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"मी दर वेळी घाबरत यायचो," तो हळूच म्हणाला, "आज तुझी खुर्ची रिकामी असेल म्हणून. विचारायची हिंमतच झाली नाही."

"मग आता विचार."

"येशील तिकडे? लगेच नाही... पण येशील?"

"मला फार भीती वाटते रे. नवा देश, जॉब शोधायचा, नागपूरला आईबाबांना काय सांगू—"

"मलाही वाटते. घाबरत घाबरत ये... पण ये."

"येईन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चांगलाच कापला.