अणूची सोडत

अमरावतीच्या त्या रुग्णालयात दुपारी एकच यकृत आलं आणि दावेदार दोन निघाले. दोघांचा रक्तगट एक, दोघांची प्रकृती सारखीच खालावलेली, नावनोंदणीही एकाच आठवड्यातली. अशा वेळी डॉक्टरांनी निवड करायची नाही, असा नियम चार वर्षांपूर्वी झाला होता. निवड अणू करत असे.

टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. त्याच्या निर्वात पोकळीत एक अणू एकाच वेळी दोन अवस्थांत धरून ठेवलेला असे. बटण दाबलं की मोजमाप होई आणि पडद्यावर एक नाव उमटे. कुणाला संशय नको, म्हणून बटण दोघांपैकी एकाच्या नातेवाइकानं दाबायचं.

हेमलता वानखडे नवऱ्यासाठी तिथे बसल्या होत्या. त्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. नियम करणाऱ्या समितीवरही होत्या. संमतिपत्रावरचं वाक्य त्यांचंच होतं: 'अणूची अवस्था ही केवळ आपल्या माहितीची नोंद आहे. बटण दाबणारा काही घडवत नाही, फक्त पाहतो.' ती अवस्था खरीखुरी असते आणि निकाल मोजण्याच्या क्षणीच जन्मतो, असं मानणारे शास्त्रज्ञही तितकेच आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. लोक घाबरतील म्हणून समितीनं ते गाळायला सांगितलं. त्यांनी गाळलं.

समोर रामकृष्ण ढोमणे बसले होते, वीज कंपनीतले निवृत्त लाइनमन. दुसरी दावेदार त्यांची मुलगी कुंदा, सव्वीस वर्षांची.

परिचारिकेनं यंत्र हेमलताबाईंपुढे ठेवलं. त्यांचा हात पुढे झाला आणि थांबला. मग त्यांनी यंत्र ढोमण्यांकडे सरकवलं. आपल्या हातून काही वाईट तर होणार नाही ना, असं ढोमण्यांनी विचारलं. बाईंनी वर्गात समजावतात तसं समजावलं: पाकिटात चिठ्ठी आधीच आहे, आपण नुसतं पाकीट फोडायचं. ढोमण्यांनी बटणावर बोट ठेवलं, थोडं थांबले, दाबलं. पडद्यावर भास्कर वानखडे हे नाव आलं.

कुंदा अकराव्या दिवशी गेली.

दोन महिन्यांनी ढोमणे बाईंच्या घरी आले. भास्करराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांची तब्येत सुधारलेली पाहून ढोमण्यांनी मनापासून आनंद व्यक्त केला. मग बाईंना बाजूला घेऊन म्हणाले की झोप लागत नाही. त्या दिवशी बोट ठेवून थांबलो, लगेच दाबलं असतं तर दुसरं नाव आलं असतं का, हेच डोक्यात फिरतं.

"मले खरं सांगा मॅडम. माह्या बोटानं झालं काय?"

व्हरांड्यात पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "ते आधीच ठरलेलं होतं."

ढोमण्यांनी मान डोलावली, चहा संपवला, चपला घातल्या. फाटकापाशी ते वळले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"ठरलेलंच होतं, मंग बटन तुमी काऊन नाही दाबलं?"