खिडकीची फट

माझा दोस्त विश्वजित सोमवारी हिमाचलला निघणार होता. त्याआधी त्याच्या डाळिंबाच्या बागेला एक पाणी द्यायचं राहिलं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री साडेदहाला यायची. विहीर सामायिक, स्टार्टरच्या पेटीची किल्ली शेजारच्या मळ्यातल्या दादासो आप्पांकडं. म्हणून मी, विश्वजित आणि आप्पा असे तिघं मळ्यात गेलो. गेल्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता.

मोटर चालू झाली. पाइपातनं पाणी बोलायला लागलं. आम्ही मोटरीच्या खोलीपुढं पोत्यावर बसलो.

विश्वजित खुशीत होता. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं गलाईला बाहेर असतात. सराफांचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा आमच्याकडचा धंदा. कोण केरळात, कोण बंगालात. विश्वजितला डोंगरातलं गाव मिळालं होतं. लग्न होऊन चार महिने झालेले. बायकोला घेऊनच जाणार होता.

"आप्पा, तिकडं बर्फ पडतोय म्हणं. किती स्वेटर न्यावं?"

"दोन ने. एक तुला, एक तुज्या तोंडाला," आप्पा म्हणाले. "बोलून बोलून गारठंल ते."

आम्ही हसलो. विश्वजित म्हणाला, "मला काय न्हाई थंडीचं. भट्टीतलं निखारं घमेल्यात घ्यायचं, खोलीत ठिवायचं, दार-खिडकी गच्च लावायची. भाईर बर्फ पडू दे न्हाईतर धोंडं."

आप्पांनी बिडी विझवली. अर्धीच ओढली होती.

"बस नीट," ते म्हणाले. "एक सांगतो. माज्या वळखीच्या माणसाचं हाय. मधी बोलू नगंस."

मी शाळा आठवीला सोडली. लिहायची फार सवय नाही. पण त्यांनी सांगितलं ते मी विसरलो नाही, म्हणून तसंच लिहितो.

तो माणूसही आपल्याकडचाच, गलाईवाला. आप्पा म्हणाले, "नाव धर इंद्रजित." विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

इंद्रजित बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन हिमाचलात गेला. शिमल्यापासून बसनं सहा तास वर. रस्त्याकडेला दहा-पंधरा दुकानं, वर सफरचंदाच्या बागा. एका म्हातारीच्या घराची खालची खोली त्यानं घेतली. वर म्हातारी एकटी. तिचा मुलगा दूर शहरात. तिला सगळे अम्मा म्हणत.

आपल्या माणसाला तिथं राहायला शिकावं लागतं. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. दोरीवरची धोतरं पापडासारखी ताठ होतात, घडी घातली तर मोडतील असं वाटतं. गावाकडनं नेलेलं ज्वारीचं पीठ संपलं की मक्याची रोटी. इंद्रजितच्या बायकोला हे काहीच येत नव्हतं. अम्मानं एकेक दाखवलं. रात्री नळ थेंब थेंब चालू ठेव, नाहीतर आत पाणी गोठून फुटेल. पोरीला झोपताना लोकरीचे मोजे घाल. संध्याकाळी पायऱ्यांवर राख टाका, पाय घसरत नाही. आणि खोलीत निखारे ठेवले, की खिडकीला वीतभर फट ठेवा. कोळशाचा वायू माणसाला झोपेतच नेतो. वास येत नाही, आवाज येत नाही.

बाकीचं सगळं त्यांनी ऐकलं. हे एक ऐकलं नाही.

फट ठेवली की ऊब जाते. शिवाय घरात लोकांचं सोनं. गलाईवाला रात्री खिडकी उघडी टाकत नाही, बापजन्मी नाही. अम्मा रोज रात्री गाईला वैरण टाकून परत जाताना त्यांच्या खिडकीवर काठी वाजवायची. ठक ठक. "बहू! खिड़की!" दार उघडून कोणी बघेपर्यंत ठोकत राहायची.

नवरा-बायको कंटाळले. इंद्रजित तिची नक्कल करायचा. कमरेत वाकून, चमच्यानं ताट वाजवून, "बहू, खिड़की!" पोरगी टाळ्या पिटायची. फोनवर सासऱ्यालासुद्धा त्यानं ती नक्कल ऐकवली होती.

"सासरा लय हसला," आप्पा म्हणाले. "लय हसला रं."

चार जानेवारीच्या रात्री बर्फ पडत होता. अम्मा आली. ठक ठक ठक. ह्यांनी दिवा बंद केला. गोधडीत तोंड घालून दोघं हसत होते. बायकोनं पोरीच्या तोंडावर हात धरला होता, ती बोलू नये म्हणून. अम्मानं बराच वेळ ठोकलं. मग काठीचा आवाज पायऱ्यांकडं गेला. मग धप्प.

त्यांनी ऐकलं ते.

"पडली वाटतं," बायको म्हणाली.

"बर्फ पडला आसंल छपरावरनं. झोप."

त्या दिवशी पायऱ्यांवर राख टाकायची पाळी इंद्रजितची होती. थंडी जास्त म्हणून त्यानं टाकली नव्हती. सकाळी दूधवाल्याला अम्मा सापडली. पायऱ्यांवरच्या बर्फात नखांचे ओरखडे होते. दोन पायऱ्या ती सरपटत वर चढली होती. डोक्याला लागलं त्यानं मेली नव्हती. गारठून मेली. पहाटेपर्यंत जिवंत असेल, असं लोक म्हणाले.

इंद्रजितनं तिला खांदा दिला. मुलगा आला, क्रिया करून परत गेला. वरचं घर बंद झालं. त्या दोघांनी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त सासऱ्याला फोनवर सांगितलं. सासरा म्हणाला, "तुमी काय ढकललं न्हाई तिला. गप ऱ्हावा."

आप्पांनी मोटरीकडं कान दिला. मोटरीचा आवाज एकसारखा येत होता.

"आता ध्यान दे," ते म्हणाले. "पंधरा जानेवारी. शनवार. संक्रांतीची कर. चार वर्षं व्हतील आता."

त्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी सासऱ्याचा फोन वाजला. लेक होती. हळू बोलत होती.

"आप्पा… भाईर कोण तरी खिडकी वाजवतंय."

विश्वजितनं श्वास आत घेतला. दादासो आप्पांची लेक माया आणि जावई इंद्रजित हिमाचलात वारले, एवढं गावाला माहीत होतं. शेगडीच्या वायूनं गेले, असं सगळे म्हणत. त्यांची नात शिवांजली त्यांच्याकडंच असते. पण आप्पांच्या तोंडून त्या रात्रीबद्दल कोणी कधी एक शब्द ऐकला नव्हता.

त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. सांगत राहिले. आता 'सासरा' म्हणाले नाहीत.

"मी इचारलं, कोण हाय? ती म्हणाली, आप्पा, काठी हाय. तिचीच काठी हाय. मी म्हणलं, किती येळा वाजतीय? ती म्हणाली, दोनदा वाजती. मग थांबती. मग दोनदा."

आपल्याकडं लहानपणापासून सांगतात. रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसतं, त्याला तिसरी हाक जमत नाही. आप्पांनी तीस वर्षं केरळात गलाई केली ती याच नियमानं.

"दोनदाच वाजतंय? मग माणूस न्हवं ते," ते लेकीला म्हणाले. "तिचा राग हाय तुमच्यावर. उगडू नगा. खिडकीला फट हाय का?"

"चौकट वाळलीय, थोडी हाय."

"कापड कोंब. दाराच्या बुडाला गोधडी लाव. बोटभर जागा ठिवू नगंस. फोन बंद करू नगंस, मी ऐकतोय."

तिनं कोंबलं. तिला धाप लागलेली फोनवर ऐकू येत होती. इंद्रजित म्हणत होता, "त्या म्हातारीला म्हणावं, मेली तरी सुटका न्हाई व्हय?" पण त्याचा आवाज कापत होता.

ठक ठक.

"बहू…"

आप्पांनी ते ऐकलं. फोनवर. स्वच्छ.

बारा वाजले. पोरगी ओकली. मायाचंही डोकं ठणकायला लागलं. ती म्हणाली, "आप्पा, पोरगी मान टाकतीय."

"भ्याली. दिष्ट लागली तिला. मीठ-मव्हऱ्या उतरून निखाऱ्यावर टाक. निखारं फुलीव चांगलं. आजून कोळसं घाल."

तिनं घातले. मोहऱ्या तडतडल्या. आप्पांनी तेही ऐकलं. त्यांना बरं वाटलं.

ठक ठक.

"आप्पा, ती रडतीय भाईर."

"रडू दे."

"खिडकी म्हणतीय… निस्तं खिडकी म्हणतीय."

"म्हणू दे. दोनच ठोकं हायती न्हवं? मग झालं तर."

साडेबारा. इंद्रजित घोरत होता. माया म्हणाली, "ह्यांना हालवतीय, उठंनात." मग म्हणाली, "माजी बी बोटं जड झाल्यात." मग बराच वेळ काही नाही. मग लहानपणी बोलायची तसं म्हणाली, "आप्पा, झोप यिती वो."

"झोप बाय. मी हाय जागा."

आप्पा आमच्याकडं वळले. अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मी म्हणलं, झोप. काय म्हणलं?"

विश्वजितनं पोत्याच्या सुतळीचा धागा ओढला.

"काय म्हणलं रं, विश्वजित?"

"झोप म्हणला, आप्पा."

"हां."

फोन कानाला. माळवदावर ते एकटे. पलीकडं श्वास. एक जड. एक बारीक. एक त्याहून बारीक.

ठक ठक.

जड श्वास थांबला. घोरणं थांबलं म्हणून त्यांना वाटलं, कूस बदलली असेल.

ठक ठक.

आता बारीक.

तो थांबत थांबत गेला. आप्पा म्हणत राहिले, "माया… ये माया… माया गं." चार हाका. पाच हाका.

पलीकडनं ओ नाही.

एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं.

ठक. ठक.

आणि मग… ठक.

तिसरा.

आप्पा फोनमध्ये ओरडले. उघड म्हणून ओरडले. शेजारी उठले. तिकडं उघडायला कोणी उरलं नव्हतं. मग खोलीतल्या लाकडाच्या फळ्यांवरनं काही तरी ओढत नेल्याचा आवाज आला. सावकाश. थांबून थांबून. म्हातारं माणूस ओझं ओढतं तसा.

मग पोरीचा खोकला.

मग फोन बंद झाला.

तिथल्या दुसऱ्या कोणाचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. सकाळी दूधवाल्याला दाराच्या बुडातनं लहान मुलीचं रडणं ऐकू आलं. दार आतनं कडी लावलेलं होतं. फोडावं लागलं. खिडकीत कापड तसंच कोंबलेलं, घट्ट. माया आणि इंद्रजित अंथरुणात होते. तोंडं लाल, झोपेत हसल्यासारखी. पोरगी उंबऱ्याशी होती. दाराच्या बुडाची गोधडी बाजूला झाली होती, आणि पोरीचं तोंड त्या फटीला लावलेलं होतं.

"रांगत गेली आसंल," विश्वजित कसंबसं म्हणाला.

"पोलीसबी त्येच म्हणलं," आप्पा म्हणाले. "मीबी तसंच म्हणलो आसतो."

आप्पा तिसऱ्या दिवशी तिथं पोचले. दवाखान्यात पोरगी त्यांच्याकडं आली, रडली नाही. तिच्या डाव्या मनगटावर पाच पांढरे डाग होते. चार एका अंगाला, एक दुसऱ्या अंगाला. लांबट. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, बर्फानं भाजल्याचे डाग. आप्पांनी विचारलं, रात्रभर निखारे पेटलेल्या बंद खोलीत बर्फ कुठनं आला? डॉक्टरनं कागद पुढं सरकवला आणि सहीची जागा दाखवली.

मोटरीचं पाणी शेवटच्या सरीला पोचलं असावं. उठून बघायला हवं होतं. आम्ही कोणी उठलो नाही.

"आता सात वर्साची हाय," आप्पा म्हणाले. "दवाखानं झालं. मलमं झाली. डाग हाय तसं हायती. मे महिन्यात आमी भाईर अंगणात झोपतो. पोर घामानं भिजती. मी रातचं उठून तिचं मनगाट बघतो…"

त्यांनी मघाची अर्धी बिडी हातात घेतली. पेटवली नाही.

"तेवड्या पाच डागांवर दव पडल्यालं आसतंय."