येतो म्हणावं

चावडीवरून माणूस उठला तरी जागा रिकामी होत नसे; मागे त्याची सावली बसायची. चावडी म्हणजे गप्पांचा सर्व्हर, आणि सावली म्हणजे माणूस परत येईपर्यंत त्याच्याच ढंगात बोलणारा प्रोग्राम. आज्ञांची पुस्तिका साध्या मराठीत लिहायची. सर्व्हर ती वाचणार आणि शब्दाला शब्द धरून वागणार. सोय मोठी, पण शब्द कोणाच्या घरचे, हे त्या बापड्याला कुठून कळावं?

ती पुस्तिका वैजयंती केळुसकरने लिहिली होती. आज ती सर्व्हर बांधणाऱ्या धायगुडे सरांसमोर बसली होती.

"सर, बाबा गेल्यावरही त्यांची सावली आईशी बोलते. तिला बरं वाटायचं, म्हणून मी गप्प बसले. पण आता आई हृदयाच्या गोळ्या घेईना. सावली म्हणते, 'मला यायला जमत नाही, तूच ये.' फोन काढून घेतला, तर शेजाऱ्यांचा मागून आणला."

धायगुडेंनी विचारलं, "बाहेर पडायची आज्ञा काय लिहिलीत?"

"'येतो', नाहीतर 'येते'."

"'जातो' का नाही?"

"अहो, निघताना 'जातो' कोण म्हणतं?"

"ते तुम्हाआम्हाला कळतं. सर्व्हरने ते परत यायचं वचन धरलं. भेट व्हायलाच हवी. एकाला येता येत नसेल, तर दुसऱ्याने जायचं."

"मग बाबांना काढून टाका."

"तुम्हीच लिहिलंय, कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध उठवू नये. ते पुसेपर्यंत दिवस जाईल. त्यांनी आपणहून 'जातो' म्हटलं तर मात्र जागा आत्ता सुटेल."

तिने पुस्तिकेत 'जातो' घातलं आणि चावडीवर लिहिलं, "बाबा, एकदा 'जातो' म्हणा."

"असं बोलू नये, वैजू. कितीदा सांगितलं? येतो म्हणावं."

लहानपणी शाळेला निघताना ते दारात हेच सांगायचे. तिला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

तेवढ्यात पडद्यावर त्याखाली आईचा शब्द उमटला. "येते."

वैजयंतीने शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. तिने लिहिलं, "आई, आहेस ना?"

आई एरवी चष्मा शोधणार, मग एकेक अक्षर दाबणार. उत्तर तत्क्षणी आलं.

"मी कुठं जाणार? जेवलीस का?"