‘तु’ आणि ‘म्ही’च्या मध्ये

तो आला, खुर्चीत बसला आणि आ वासून वाट पाहू लागला. तिला वाटलं, उच्चारांच्या प्रयोगासाठी आवाज द्यायला ठरवलेला माणूस हाच. तिनं मुकाट्यानं त्याच्या जिभेवर, ओठांवर बारीक तारा चिकटवल्या.

“हं, आता बोला.”

“काय बोलू? आधी दाढ कुठली दुखतेय ते तरी विचारा!”

तिनं जीभ चावली. “अगंबाई! दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर...”

“राहू द्या. इथं दुखत नाही,” असं म्हणून तो बसूनच राहिला.

दाढ बरी झाली, तरी तो येत राहिला. बोलताना जीभ, ओठ, जबडा एकमेकांना कसं सांभाळून घेतात, ते ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करत होती.

“एक अक्षर संपायच्या आत तोंड पुढच्याच्या तयारीला लागतं,” तिनं सांगितलं.

“म्हणजे तुमच्यापासून काही लपवायची सोय नाही म्हणा की!”

ती हसली. दिवसभर लोकांचे आवाज ऐकायचे, आणि खोलीवर गेल्यावर कुणाशी चकार शब्द नाही... तो यायचा त्या दिवशी मात्र जिना चढतानाच पाऊल हलकं व्हायचं.

मग एकदा त्यानं सांगितलं, “बदली झालीय. संध्याकाळची गाडी.” तारा अजून जिभेवरच होत्या. “तु—म्ही काढाल ना माझी आठवण?”

“कामातून सवड कुठे असते...” ती पुटपुटली. तो गेला.

प्रयोगाची खोली एकाएकी मोठी वाटू लागली. हाताला चाळा म्हणून तिनं ते वाक्य पडद्यावर घेतलं. ‘तुम्ही’ म्हणायचं तर ‘तु’ म्हणतानाच ओठ ‘म’साठी मिटू लागतात, कॉम्प्युटरची रेघ तशीच वळत होती. त्याचे ओठ मात्र गोल होऊन तसेच थांबलेले... आणि मग घाईघाईनं मिटलेले. आपलंच गणित चुकलं असेल, म्हणून तिनं पुन्हा लावून पाहिलं.

गणित बरोबर होतं. त्याला ‘तू’ म्हणायचं होतं.

देवाचं नाव घेऊन तिनं फोन लावला. पलीकडे फलाटावरचा गलका.

“हॅलो?”

“निघाला...” जीभ दातांपाशी येऊन अडली. ‘निघालात’चा ‘त’ म्हटला की दार बंद. तिनं वाऱ्यापुरती फट ठेवली. “...निघालास?”



“ऐकू नाही आलं,” तो हळूच म्हणाला. “परत म्हण ना.”

गाडी हलल्याचा आवाज आला. त्याला नीट ऐकू आलं होतं, हे तिला कळत होतं. तरी तिनं परत म्हटलं.