बारावा कटर

"सहा खोकी, सहा ब्लँकेटं, आणि प्रत्येकाला वीतभर चीर," गोडाऊनचे मालक म्हणाले. "हा माल दवाखान्याला जायचा होता. संध्याकाळपर्यंत छडा लावा, नाहीतर खोकी उघडणाऱ्या बाईला मला काढावं लागेल."

मामा खाजगी तपासाचं काम करत. सोबत भाचा असे. चाळिशी उलटलेला, अंगाने भरलेला, आणि डोक्याने जरा सावकाश. बाहेर चार दिवस ऊन नव्हतं. आत ओल्या पुठ्ठ्याचा वास कोंदला होता आणि भर दुपारी दिवे लावावे लागले होते.

त्या बाईला सगळे धाकटी म्हणत, कारण ती मुकादमाच्या धाकट्या भावाची बायको. तिचा नवरा इथेच खोकी कापायचा. वर्षापूर्वी कटर सटकला, पातं मांडीत गेलं, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्याच्या जागी मालकांनी तिला घेतलं. घरात सहा वर्षांची लेक, कमावणारी ही एकटी. ही नोकरी गेली तर चूल पेटायची पंचाईत.

गेल्या आठवड्यात तिने मालकांच्या मागे लागून नवे कटर आणवले होते. मामांनी एक हातात घेतला. खटका पुढे दाबला की पातं बाहेर, सोडला की आपोआप आत. बाहेर यायचं तेही पुठ्ठ्याच्या जाडीइतकंच.

"जुने कुठे गेले?"

"भंगारात. अकरा माझ्यासमोर मोजून दिले," मालक म्हणाले. "होते बारा. पण बाराव्याचा माणूसच राहिला नाही."

मामांनी चिरलेलं ब्लँकेट दिव्याखाली धरलं. चीर दोन घड्या पार करून गेली होती. कडेचे धागे ओढलेले, आणि त्यांवर तांबूस ठिपके.

"रक्त दिसतंय, मामा."

"मग कापलेलं बोट आण शोधून."

भाच्याने इमानेइतबारे सगळ्यांचे हात तपासले. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

धाकटी पदराने हात पुसत आली. "सकाळी खोकी मीच उघडली. माल धड होता. जेवून आले तर हे असं."

"सुट्टीत इथे कोण होतं?"

"भावजी, म्हणजे मुकादम. हल्ली ते दुपारचे जेवतच नाहीत. आणि जुन्या कटरचा विक्रेता येऊन गेला."

"भावजींचं तुमच्याशी कसं आहे?"

"बापाच्या ठिकाणी आहेत. पोलिसांकडून यांच्या वस्तू त्यांनीच आणल्या, मला घड्याळ नि किल्ल्या दिल्या. माझी लेक रात्री त्यांच्याशिवाय ताटावर बसत नाही."

परत बोलावलेला विक्रेता तोंडाचा फटकळ होता. "गिऱ्हाईक गेलं माझं, आणि वर चोरही मीच? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच." त्याने बॅग उलटी केली. सगळे कटर कोरे, पाकीटबंद. "अहो, हा आत जाणारा कटर दोन वर्षांपूर्वी मीच दाखवला होता मुकादमाला. म्हणाला, खटका धरून बसायचं म्हणजे काम रेंगाळतं. आता घेतला, तोही दुसऱ्याकडून."

मुकादम बोलताना जमिनीकडेच बघत राहिला. "नव्या पात्याला धार फार. जोर लागला की खोल जातं. दहा वर्षं कटर मी निवडतोय, जुनेच बरे होते. धाकटीला काढू नका. हे तेवढे परत पाठवा."

पाच वाजता मामांनी सगळ्यांना एका बंद खोक्याभोवती उभं केलं.

"भाचेबुवा, काप. जेवलेलं सगळं लाव."

भाच्याने अख्खा भार टाकून कापलं. झाकण उघडलं. आतलं ब्लँकेट जसंच्या तसं होतं.

"म्हणजे नव्याने हे झालेलं नाही," मामा म्हणाले. "विक्रेत्याच्या कटरनेही नाही. कोरं पातं धागे ओढत नाही. हे पातं बोथट होतं, आणि ठिपके गंजाचे आहेत. वर्षभर कुणी न वापरलेला, न पुसलेला कटर. अकरा भंगारात गेले. बारावा अपघातातला, तो पोलिसांकडे गेला. वस्तू कुणी आणल्या? धाकटीला घड्याळ मिळालं, किल्ल्या मिळाल्या. कटर नाही मिळाला."

मुकादमाने आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला कटर काढला.

"टाकवेना मला," तो म्हणाला. "तिच्या पोटावर पाय येईल असं वाटलं नव्हतं. नवे परत गेले असते, बस."

"पण त्या नव्या कटरने तुमचं काय घोडं मारलं होतं?" भाच्याने विचारलं.

"नवा चांगला ठरला, तर तो दोन वर्षांपूर्वीही चांगलाच होता. मग माझा भाऊ कुणामुळे गेला?"

धाकटीने हळूच मान वर केली.

"दोन वर्षांपूर्वी दाखवला होता तुम्हाला?"

मुकादमाने होकाराची मान हलवली.

मालक घाईघाईने म्हणाले की तिची नोकरी पक्की, काळजी करू नये. तिला ते ऐकू गेलं नसावं. तिने मुकादमाच्या हातातून जुना कटर घेतला आणि अंगठ्याने पातं आत ढकलायला लागली. पुन्हा पुन्हा ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

तिने तो खोक्यावर ठेवला.

"लेक वाट बघेल तुमची," ती म्हणाली. "आज जेवायला येऊ नका, भावजी."

मग नवा कटर उचलून तिने आठवं खोकं पुढे ओढलं.