दोरीचा झोल

गणिताचा प्राध्यापक तिच्या दवाखान्यात आला तो चुकून. त्याला खालच्या मजल्यावर चष्म्याचा नंबर काढायचा होता. पण दाढही ठणकत होतीच, म्हणून बसला खुर्चीत. आजवर शेकडो जबडे निर्विकारपणे पाहिलेली दातांची डॉक्टर त्या एका जबड्यापाशी मात्र अडकली.

अडचण एवढीच, की ‘आ’ केला की त्याची नजर खिडकीबाहेर जायची. समोरच्या गच्चीवर एका नर्तिकेचे झगे वाळत असायचे.

आज शेवटची खेप. त्या बऱ्या झालेल्या दाढेबद्दल आणखी खोट्या शंका काढणं पदवीला शोभलं नसतं. आता हा जाणार... आणि जाताना झगेच बघत जाणार!

“छान नाचते म्हणे,” त्याच्या तोंडात कापूस कोंबत ती म्हणाली.

“ओण?”

“सोंग पुरे. मोठा आ करा.” तिने पडदा असा ओढला, की दोन कड्या निखळल्या.

त्याने कापूस काढला. “अहो, राहू द्या ना! मी दोरी बघतोय.”

“दोरी.”

“तिचा झोल! प्रत्येक तुकडा जेवढा खाली ओढला जातो, तेवढाच वर धरलेला असतो. कोळ्याचा धागा असो, गळ्यातली साखळी असो, समीकरण तेच.”

“आणि हे कोळ्याला ठाऊक असतं?”

“छे! धागा नुसता लोंबतो. ठाऊक आम्हाला असतं, पण तसं सुखाने लोंबता येत नाही.”

तिला हसू आलं. तिने ते मास्कमध्येच ठेवलं. आता झग्यांचा राग दोरीवर गेला होता.

“आणि... एकाच बाजूने धरलेलं असलं तर?”

“तर पडते.”

“मग बघा घरी जाऊन. शेजारच्याच इमारतीत तर राहता, तुमच्या गॅलरीतूनही दिसत असेल.”

“दिसते की. इथल्यापेक्षा चांगली दिसते.”

“मग इथे कशाला —”

“इथे...” त्याचे कान लाल झाले. “तुमच्याकडे सारखं बघत राहिलो असतो, तर बरं दिसलं असतं का? दाढ तर केव्हाच बरी झालीय. मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवून आलो.”

हा प्रेमाचा कबुलीजबाब आहे, हे तिला कळलं. आपली लबाडी महिनाभर उघडी पडलेली आहे, हेही कळलं. लाजायला दोन्ही कारणं चांगली होती. पण तिने मास्क खाली ओढला आणि आधी विचारलं,

“दुसऱ्या म्हणजे कोण? — दिसायला कशी आहे ती?”