अंगठा सरळ ठेव

आमची ओळख झाली ती माझ्या अंगठ्यामुळे. लॉकडाऊनमध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजार टाकले होते. बाबा गेल्यावर सुपारीची वाडी माझ्या नावावर झाली, म्हणून पैसे माझ्याच खात्यात आले. ते काढायला शाळेच्या ओट्यावर जायचं आणि तिथे बँकेतर्फे पैसे द्यायला बसलेल्या निकेशच्या मशीनवर अंगठा लावायचा. हा निकेश खाडीपलीकडचा, आगरदांड्याचा. कामाला म्हणून आमच्या दिघीला आला, तेवढ्यात फेरीबोट बंद झाली आणि बिचारा इथे शाळेतच अडकला.

पहिल्या दिवशी अंगठा खरोखरच लागला नाही. सुपारी सोलून सोलून त्याच्यावरच्या रेषा पुसल्या होत्या.

"अंगठा हाय का गोटा?" मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते.

"मशीन बघा तुमची. तिला दिघीचं पाणी मानवलं न्हाय."

त्याने ओल्या फडक्याने माझा अंगठा पुसला... आणि हातमोज्यातल्या दोन बोटांनी हलकेच धरून काचेवर टेकवला. त्या दिवसांत कोणी कोणाच्या जवळसुद्धा उभं राहत नव्हतं. मला तर श्वास घ्यायचीही आठवण राहिली नाही. तीनदा करूनही जमलं नाही, तेव्हा त्याने उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अंगठा लागला असता. मी तो जरासा तिरका केला.

मग रोजच. रोज फडकं, रोज ती दोन बोटं, रोज थोडं बोलणं. शाळेत एकट्याने केलेली खिचडी कशी करपते ते तो सांगायचा. संध्याकाळी धक्क्यावर बसून पलीकडचे आपल्या गावचे दिवे बघतो, म्हणायचा. मी त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी नेऊन द्यायला लागले. घरी तेल संपलं होतं. आई पैशांचं विचारायची, तेव्हा मी मशीनवर ढकलायचे. लाज वाटायची... तरी दुसऱ्या दिवशी अंगठा तिरकाच.

नवव्या दिवशी गावात बातमी आली की उद्यापासून बोट सुरू. मी ओट्यावर गेले तेव्हा त्याने फडकं उचललंच नाही.

"कल्पिता," तो हळूच म्हणाला, "आज अंगठा सरळ ठेव."

म्हणजे त्याला माहीत होतं! मागे रांगेत शेजारचे काळूरामकाका उभे. माझे कान तापले. मी अंगठा ठेवला आणि मशीन लगेच वाजली. त्याने नोटा पुढे केल्या, पण हातातून सोडल्या नाहीत.

"आता माझ्याकडे काय काम न्हाय ना तुझं?"

तो वाट बघत होता — मला तेव्हाही कळलं होतं. काकांनी घसा खाकरला.

"न्हाय," मी म्हटलं.

सकाळी वाडीत सुपारी सोलताना बोटीचा भोंगा ऐकला. खाडी ओलांडायला वीस मिनिटं लागतात. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, करत राहिले. गेल्या वैशाखात त्याचं लग्न झाल्याचं कळलं.

आता ओट्यावर मशीन घेऊन भाविका बसते. हप्ता आला की मी जाते. अंगठा अजून आपोआप तिरका पडतो.

"ताई, सरळ ठेवा," ती म्हणते.

मी सरळ ठेवते. लगेच लागतो.